समर्थन आणि सबब : नारायणरावाच्या खुनानंतरचे पुणे

एखादे कृत्य समर्थनीय आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दाने आपल्याला नेमके काय सांगायचे असते? मराठीत या अर्थाच्या आसपास वावरणारे शब्द पुष्कळ आहेत. कारण, निमित्त, सबब, क्षमा, समर्थन हे सगळे शब्द आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण नीट पाहिले तर त्यांची घरे वेगळी आहेत. कारण सांगितले म्हणजे कृत्य कसे घडले ते कळते. ते योग्य होते की अयोग्य, हे त्यावरून ठरत नाही. भुकेमुळे चोरी झाली, हे कारण झाले. सबब सांगणारा मनुष्य कृत्य वाईट होते हे कबूल करतो, पण दोष आपला नव्हता असे म्हणतो. क्षमा मागणारा कृत्यही कबूल करतो आणि दोषही कबूल करतो. समर्थन करणारा या तिघांहून वेगळा. तो छातीवर हात ठेवून म्हणतो, की हे मी केले, जाणून केले, आणि त्या प्रसंगी हेच करणे योग्य होते. एवढे बोलणाऱ्यावर पुरावा देण्याचे ओझे मोठे असते. हे ओझे कोणाला पेलले आणि कोणाला पेलले नाही, हे पाहण्यासाठी आम्ही आपल्याच इतिहासातील एक प्रकरण निवडले आहे. ते म्हणजे १७७३ साली शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्यातून उद्भवलेले बारभाईंचे कारस्थान.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून हकीकत थोडक्यात सांगतो. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले. त्यांच्यामागे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. वय अवघे सतरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव म्हणजे राघोबादादा हे अटकेपर्यंत घोडी नेणारे पराक्रमी पुरुष. पण पेशवाईचा लोभ त्यांच्या मनातून कधी सुटला नाही. माधवरावांशी त्यांनी उघड युद्धे केली, १७६८ साली धोडप येथे ते पकडले गेले आणि वाड्यात नजरकैदेत राहिले. माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत त्यांची सुटका झाली. परंतु पुतण्याशी पुन्हा बेबनाव होऊन एप्रिल १७७३ मध्ये ते पुन्हा कैदेत पडले. वाड्यात गारद्यांची पलटण होती आणि तिचा पगार थकला होता. कैदेतील असंतुष्ट चुलता आणि पगारासाठी चिडलेले शिपाई, या दोघांची गाठ पडली.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३. वाड्यात गणपतीचा उत्सव चालू होता. दुपारी सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे गारद्यांचे सरदार आपली माणसे घेऊन वाड्यात घुसले. नारायणराव धावत सुटले ते थेट चुलत्याच्या खोलीत गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. दादांनी त्या क्षणी पुतण्याला वाचवण्याचा प्रयत्न केला, पण सुमेरसिंगाने आता माघार नाही असे बजावले, अशी हकीकत ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात दिली आहे. तुळाजी पवार नावाच्या नोकराने पेशव्यांना ओढले. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक, हातात शस्त्र नसता, धन्याच्या अंगावर पडला. त्याच्यासह पेशव्यांचे तुकडे झाले. वाड्यातील आणखीही काही माणसे त्या गर्दीत मारली गेली.

यापुढची गोष्ट ‘ध चा मा’ या दोन अक्षरांत आपल्या भाषेत कायमची रुतून बसली आहे. दादांनी गारद्यांना नारायणरावास ‘धरावे’ असे लिहून दिले होते, आणि कोणीतरी त्यातील ‘ध’ खोडून ‘मा’ केला. तो बदल आनंदीबाईंनी केला, असा त्या काळापासून बोलबाला आहे. या बदलाला आज आपल्याजवळ आधार आहे तो बखरींचा, डफसारख्या लेखकांचा आणि लोकांच्या समजुतीचा. आनंदीबाईंवर हा आरोप इतक्या सहजतेने का चिकटला, याचाही विचार केला पाहिजे. राज्यातील पुरुषांच्या पापाचे खापर घरातल्या बाईवर फोडणे हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. पण तो वाद तूर्त बाजूला ठेवू. आमचा प्रश्न निराळा आहे. समजा, ही हकीकत अक्षरशः खरी मानली, आणि दादांनी ‘धरावे’ एवढेच लिहिले होते असे धरून चालले, तर ते सुटतात काय?

दादांच्या बाजूने जे बोलता येते त्याचे नीट पृथक्करण केले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी खुनाचे समर्थन कधी केलेच नाही. पुतण्या मारला गेला हे बरे झाले, राज्यासाठी ते आवश्यक होते, असे ते म्हणत नाहीत. ते सबब सांगतात : मी धरायला सांगितले होते, मारायला नव्हे. म्हणजे ‘ध चा मा’ ही सगळी कथा सबबीची कथा आहे. आणि सबब म्हणून तरी ती पुरी पडते का? पगार थकलेल्या, हत्यारबंद, चिडलेल्या माणसांना पैशाचे आमिष दाखवून वाड्यातल्या तरुण पेशव्यावर सोडायचे, आणि ती रक्त सांडणार नाहीत अशी अपेक्षा करायची, हे कोणत्या शहाण्या माणसाला पटेल? ज्याने धरणाचा दरवाजा उघडला त्याने, मला फक्त शेत भिजवायचे होते, गाव बुडवायचे नव्हते, असे म्हणून चालत नाही. पाण्याचा जोर त्याला ठाऊक होता. शिवाय ‘धरावे’ हा हुकूम तरी योग्य होता काय? अधिकारावर असलेल्या पेशव्याला भाडोत्री शिपायांकरवी कैद करणे हेच मुळात गैर. गैर कृत्यातून त्याहून वाईट कृत्य निघाले, तर पहिल्याचा कर्ता दुसऱ्याच्या जबाबदारीतून मोकळा होत नाही.

हाच प्रश्न त्या काळी पुण्यातील एका माणसाने अधिकृतपणे विचारला. रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळील माहुलीचे. काशीस विद्या करून ते पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ साली न्यायाधीश झाले. घरात एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम डफने मुद्दाम नोंदवला आहे. आम्हांला या नेमाचे महत्त्व फार वाटते. ज्याच्या घरी साठवण नाही त्याला गमावण्याची भीती नाही, आणि ज्याला ही भीती नाही तोच धन्याची चौकशी करू शकतो.

शास्त्रीबोवांनी चौकशी केली. ती सुमारे सहा आठवडे चालली, असे सांगतात. या अवधीत दादा पेशवे झाले होते. साताऱ्याहून त्यांच्या नावाची वस्त्रे आली होती. म्हणजे न्यायाधीश ज्याची चौकशी करीत होता तोच आता त्याचा धनी होता. दादांनी आपल्या हातून घडलेल्या पापाला प्रायश्चित्त काय, असे विचारले. शास्त्रीबोवांनी देहान्त हेच प्रायश्चित्त असे उत्तर दिले आणि दादांच्या कारभारात चाकरी करणार नाही व पुण्यात पाऊल टाकणार नाही असे सांगून ते वाईजवळ पांडववाडीस जाऊन राहिले.

या निकालामागे शास्त्राचा आधार काय होता, हे पाहिले म्हणजे त्यातील सूक्ष्मता लक्षात येते. स्मृतिग्रंथांत ब्रह्महत्येची प्रायश्चित्ते विस्ताराने दिली आहेत. पण ती अजाणता घडलेल्या हत्येसाठी आहेत, जाणूनबुजून केलेल्या हत्येला अशी निष्कृती नाही, असे मनुस्मृतीत स्पष्टच म्हटले आहे. म्हणजे दादा ‘ध’ला का चिकटून बसले असतील, याचा उलगडा होतो. ‘ध’ म्हणजे अजाणता, आणि अजाणता म्हणजे जप, दान, तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजन अशा वाटेने सुटका. न्यायाधीशाने ती वाट बंद केली. तुमची सबब आम्ही ऐकली, ती पुरेशी नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. शास्त्राने ब्राह्मणाच्या प्राणाचे मोल वेगळे धरले होते. चाफाजी टिळेकर किंवा वाड्यातले इतर नोकरचाकर यांच्या मृत्यूबद्दल कोणी प्रायश्चित्त विचारल्याचे आपण ऐकत नाही. आज त्या दिवसाकडे पाहताना आम्हांला हा हिशेब अपुरा वाटतो. ज्याने शस्त्र नसता धन्यावर आपले अंग टाकले, त्याचा जीव घेण्याला कोणते समर्थन होते? ‘धरावे’ या हुकमात त्याचे तर नावही नव्हते. समर्थनाची पहिली कसोटी अशी, की ज्याला कृत्याची झळ लागली त्या प्रत्येकासमोर ते सांगता आले पाहिजे. गादीवरच्या माणसासमोर सांगता आले आणि दारावरच्या माणसासमोर सांगता आले नाही, तर ते अर्धेच समर्थन होय.

रामशास्त्री निघून गेले याबद्दल कोणी असा आक्षेप घेईल, की त्यांनी राहून प्रतिकार का केला नाही? त्यांच्या जाण्याने दादांचे काय बिघडले? पण न्यायाधीशाजवळ फौज नव्हती. निकाल अमलात आणण्याची शक्ती त्यांना नव्हती. निकाल देण्याची मात्र होती. कृत्य समर्थनीय नाही हे ठरण्यासाठी ते ठरवणाऱ्याच्या हाती तलवार असावी लागत नाही. आणि असा निकाल देऊन त्याच धन्याचा पगार घेत राहणे म्हणजे आपल्याच शब्दांची किंमत कमी करणे होते. त्यांच्या जाण्याने एक गोष्ट निश्चित झाली. दादांजवळ वस्त्रे होती, शिक्का होता, खजिना होता, फौज होती. फक्त समर्थन नव्हते. कायदेशीरपणा आणि समर्थनीयता या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे पुण्याने त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस आदी मुत्सद्द्यांनी मिळून जो कट केला त्याला आपण बारभाईंचे कारस्थान म्हणतो. दादा स्वारीवर होते. त्यांच्या छावणीतून हे मुत्सद्दी कोणी या निमित्ताने, कोणी त्या निमित्ताने एकेक करून परतले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला जानेवारी १७७४ मध्ये पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. दादा परतून आले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगाव येथे लढाई होऊन त्रिंबकराव पेठे जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पण १८ एप्रिल रोजी पुरंदरावर गंगाबाईस मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हेच सवाई माधवराव.

बारभाईंचे हे कृत्य समर्थनीय होते काय? नुसत्या नियमाने पाहिले तर ते बंड होते. वस्त्रे मिळालेल्या पेशव्याविरुद्ध त्याच्याच चाकरांनी उठाव केला होता. शिवाय तो गुप्तपणे, खोटी निमित्ते सांगून केला होता. तरीही महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या बारभाईंना आपले मानले. हा केवळ विजयाचा महिमा होता, की त्यात काही न्याय होता?

गुप्तपणाचा मुद्दा प्रथम घेऊ. कट गुप्त असतो म्हणूनच तो निंद्य ठरत नाही. समर्थ आणि सावध शत्रूला आधी कळवून कोणी उठत नाही. प्रश्न असा, की काम झाल्यावर त्याची खरी कारणे चारचौघांत सांगता येतात की नाही. बारभाईंना ती सांगता आली. ज्याच्यावर खुनाचा दोष न्यायाधीशाने ठेवला त्याच्या हाती राज्य राहू नये, आणि खून झालेल्याच्या वंशाला त्याचा हक्क मिळावा, ही दोन्ही कारणे बाजारात उभे राहून सांगण्यासारखी होती. दादांना मात्र आपली खरी गोष्ट शेवटपर्यंत उघड बोलता आली नाही. त्यांना ‘ध’चा आडोसा घ्यावा लागला.

दुसरा मुद्दा परिणामाचा. विरोधकांनी अशी कुजबूज उठवली होती, की पुरंदरावर इतर गरोदर ब्राह्मण स्त्रियाही नेऊन ठेवल्या आहेत आणि मुलगी झाली तर मुलगा बदलण्याचा बेत आहे. डफनेही या कुजबुजीची दखल घेतली. ती खरी मानण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. पण ती एक चांगला प्रश्न उभा करते. गंगाबाईस कन्या झाली असती तर? बारभाईंचे कृत्य तेव्हा चूक ठरले असते काय?

आमच्या मते येथे त्यांची दोन कारणे वेगळी केली पाहिजेत. खुनाचा दोष असलेल्याने गादीवर राहू नये, हे कारण पोटातील मुलावर अवलंबून नव्हते. मुलगा झाला काय, मुलगी झाली काय, ते तसेच उभे राहिले असते. कदाचित गंगाबाईच्या मांडीवर दत्तक द्यावा लागला असता, एवढेच. या मुलालाच वस्त्रे द्यावी हे दुसरे कारण मात्र नशिबावर लटकत होते. पाठीशी असलेल्या कारणांवरून कृत्य समर्थनीय ठरते, आणि ती कारणे निर्णयाच्या घटकेला, जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावर पटावी लागतात. मागाहून फासा बरोबर पडला म्हणून जुगार शहाणपणाचा ठरत नाही. आणि उलटा पडला म्हणून विचारपूर्वक केलेले काम मूर्खपणाचे ठरत नाही. कासेगावी त्रिंबकराव पडले तेव्हा पुरंदरावर पाळणा हललेला नव्हता. मुलगा होणार की नाही हे न कळता ते मेले. त्यांचे मरण कारणी लागले की नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतरच्या एका जन्मावरून आपण ठरवायचे काय?

तिसरा मुद्दा हेतूचा. नाना काय, बापू काय, या कारस्थानाने दोघांच्याही हाती सत्ता आली. बापू तर पूर्वी दादांच्याच पक्षाचे. पुढे १७७८ साली मोरोबांनी दादांना परत आणण्याचा घाट घातला त्यातही बापूंचे अंग असल्याचा संशय आला, ते कैदेत पडले आणि १७८१ साली रायगडावर वारले. अशा माणसांच्या हातून झालेले काम समर्थनीय कसे, असे कोणी विचारील. उत्तर असे, की कृत्याचे समर्थन आणि कर्त्याची थोरवी यांत गल्लत करू नये. मिश्र हेतूच्या माणसाच्या हातूनही योग्य काम होते. त्याला संत म्हणू नये, पण त्याचे काम खोटेही म्हणू नये.

या झगड्यात तिसरा पक्षही होता आणि समर्थनाचा सगळ्यात चमत्कारिक नमुना त्याने दाखवला. पराभूत दादा मुंबईकर इंग्रजांना शरण गेले. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच ठाणे घेऊन साष्टीवर कबजा केला होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. साष्टी, वसई इंग्रजांना देण्याच्या बदल्यात त्यांनी दादांना गादीवर बसवण्याचे कबूल केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे कळले तेव्हा त्यांनी मुंबईकरांना खडसावले. हे युद्ध परवानगीवाचून केलेले आणि अन्यायाचे आहे असा शेरा मारला आणि कर्नल अप्टनला पुण्याच्या कारभाऱ्यांशी तह करण्यास पाठवले. १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह तो हाच. पण या तहातसुद्धा साष्टी इंग्रजांकडेच राहिली. युद्ध अन्यायाचे, पण युद्धात मिळालेले बेट आमचे! चूक कबूल करणाऱ्याची परीक्षा त्याच्या शब्दांवरून घेऊ नये; चुकीचे फळ तो परत करतो की नाही, यावरून घ्यावी. पुढे वडगावचा प्रसंग झाला, युद्ध लांबले आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईच्या तहाने ते मिटले. साष्टी तेव्हाही परत आली नाही. दादांना इंग्रजांनी सोडले. डिसेंबर १७८३ मध्ये ते कोपरगाव येथे वारले.

येथे ही हकीकत संपवली तर ती बारभाईंच्या पक्षाची कैफियत होईल. म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. दादांना जानेवारी १७७५ मध्ये धार येथे मुलगा झाला. नाव बाजीराव. नारायणरावांच्या खुनाच्या वेळी तो जन्मालाही आला नव्हता. तरी दादांच्या मृत्यूनंतर त्याला आणि त्याचा धाकटा भाऊ चिमाजी याला पुण्याच्या कारभाऱ्यांनी नजरकैदेत वाढवले आणि पुढे शिवनेरीवर नेऊन ठेवले. राज्यात पुन्हा फूट पडू नये, हे त्याचे कारण. राजकारण म्हणून ते समजते. पण समर्थन? बापाचा दोष मुलावर येतो असे रामशास्त्र्यांच्या निकालात नव्हते. खुनाच्या दोषामुळे दादांना दूर ठेवणे योग्य होते. त्याच कारणाने त्यांच्या निरपराध पोरांना कोंडणे योग्य नव्हते. रामशास्त्री पुन्हा पुण्यास येऊन न्यायाचे काम पाहू लागले होते, पण १७८९ साली ते वारले. सवाई माधवरावांचा ऑक्टोबर १७९५ मध्ये अकाली अंत झाला, आणि ज्याला कैदेत वाढवले तोच बाजीराव १७९६ साली पेशवा झाला. कोंडलेल्या मुलाने बाहेर आल्यावर कोणावर विश्वास ठेवावा? १८०२ साली वसईस तह करून तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पेशवाई बुडण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि सगळा दोष या कैदेवर टाकणे हा इतिहास नव्हे. पण चांगल्या कारणाला त्याच्या हद्दीबाहेर ओढले म्हणजे काय होते, याचा हा नमुना विसरण्याजोगा नाही.

प्राचीनांनी आपद्धर्म म्हणून जो विचार मांडला त्यातही हीच हद्द आहे. दुष्काळात विश्वामित्राने निषिद्ध मांस खाण्याचे ठरवले, ही शांतिपर्वातील कथा सर्वांस माहीत आहे. संकटाने त्याला ती मोकळीक दिली. पण दुष्काळ संपल्यावर ती मोकळीक उरली नाही. आपत्तीत योग्य ठरलेले काम आपत्ती सरल्यावर चालू ठेवणाऱ्याला नवे समर्थन द्यावे लागते. जुने चालत नाही.

तेव्हा या प्रकरणावरून आमच्या हाती काय आले? समर्थन म्हणजे वस्त्रे नव्हेत. ती दादांना मिळाली होती. समर्थन म्हणजे यशही नव्हे. त्रिंबकराव पेठे यश न पाहता मेले. समर्थन म्हणजे शुद्ध चारित्र्याचा दाखलाही नव्हे. तो सखारामबापूंजवळ नव्हता. समर्थन म्हणजे असे कारण, की जे उघड सांगता येते, ज्यांना झळ लागली त्यांच्या तोंडावर सांगता येते, जे निर्णयाच्या वेळी खरे असते, आणि जे जेथे संपते तेथे आपला हातही थांबतो. यांतील शेवटची अट सर्वांत अवघड आहे. पहिल्या तीन पाळणारे पुष्कळ सापडतात. नानांसारखा बुद्धिमान पुरुषही चौथीपाशी अडखळला.

आणि हे प्रश्न पेशव्यांच्या वाड्यापुरते नाहीत. नगरपालिकेत ठराव करताना, घरात वाटणी करताना, शाळेत मुलाला शिक्षा करताना आपण प्रत्येकजण एखादे कारण पुढे करतो. ते समर्थन आहे, की ‘ध’च्या आड लपलेली सबब आहे, हे तपासणारा रामशास्त्री दर वेळी न्यायासनावर बसलेला असेलच असे नाही. ते काम ज्याचे त्याने करायचे आहे. आणि सहा आठवडे लागले तरी करायचे आहे.